रुग्णांची माहिती आणि बॅकएंड एपीआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिटल, लॅब आणि क्लिनिकसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीम्सकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बॅकएंड म्हणजे सर्व्हरची बाजू आणि एपीआय म्हणजे ॲप तिच्याकडे माहिती मागतं ती वाट. सुरुवातीला मूळ गोष्टी आहेत, पुढे पुढे अडचणीचे अपवाद येतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर इथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या एपीआयला लॉगिन आहे, एचटीटीपीएस आहे. मग अजून काय करायचं?

एचटीटीपीएसमुळे वाटेत कोणाला माहिती वाचता येत नाही. लॉगिनमुळे समोर कोण आहे ते कळतं. पण *या* माणसाने *या* रुग्णाचा *हा* कागद पाहायचा का, हे दोन्हींतून कळत नाही. ते प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवर, डेटाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन तपासावं लागतं. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर ही तपासणी राहून जाण्याचीच चूक होती आणि २०२३ च्या यादीतही तीच आहे. पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

२. ही चूक प्रत्यक्षात कशी दिसते?

पॅथॉलॉजी लॅबचं ॲप घ्या. रुग्ण लॉगिन करतो, रिपोर्टवर बोट ठेवतो आणि ॲप रिपोर्ट क्रमांक ४८२१३ मागतं. सर्व्हर टोकन (लॉगिननंतर मिळालेली डिजिटल ओळखचिठ्ठी) खरं आहे का पाहतो, डेटाबेसमधून त्या क्रमांकाची ओळ काढतो आणि पीडीएफ पाठवतो. सगळं नीट चाललेलं दिसतं. आता त्याच टोकनने ४८२१४ मागा. टोकन खरंच आहे, त्यामुळे शेजारच्या माणसाचा रिपोर्टही येतो. सेकंदाला दहा रिक्वेस्ट पाठवणारी साधी स्क्रिप्ट दीड तासाच्या आत पन्नास हजार रिपोर्ट उतरवून घेते, आणि लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टपुढे २०० म्हणजे "सगळं ठीक" असंच दिसतं.

उपाय क्वेरीतच करायचा. "क्रमांक ४८२१३" एवढंच न मागता "क्रमांक ४८२१३ आणि रुग्ण म्हणजे टोकनमधला रुग्ण" असं मागायचं. रुग्णाचा क्रमांक टोकनमधून घ्यायचा, रिक्वेस्टच्या बॉडीतून कधीच नाही. ओळ सापडली नाही तर ४०४ ("सापडलं नाही") द्या. ४०३ ("परवानगी नाही") दिलात तर तो रिपोर्ट अस्तित्वात आहे हे समोरच्याला कळतं.

मग टेस्ट लिहा. दोन खोटे रुग्ण तयार करा, पहिल्याच्या टोकनने दुसऱ्याची प्रत्येक गोष्ट मागा आणि प्रत्येक वेळी ४०४ आलं पाहिजे अशी अट घाला. नवा राऊट, म्हणजे एपीआयचा नवा पत्ता (एंडपॉइंट), या टेस्टशिवाय आला तर बिल्ड अडली पाहिजे. मुख्य एंडपॉइंटवर चेक सहसा असतो. तो राहून जातो पीडीएफ, प्रिंट, एक्सेल एक्सपोर्ट आणि अपॉइंटमेंट रद्द करण्याच्या राऊटवर, म्हणून यादी करताना तिथून सुरुवात करा.

३. क्रमांकाऐवजी यूयूआयडी (लांबलचक, एकमेव ओळख क्रमांक) वापरला तर भागणार नाही का?

भागणार नाही. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे तो अंदाजाने सापडत नाही, हा फायदा खरा आहे. पण तो फुटतो: व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या लिंकमधून, ब्राउझरच्या हिस्ट्रीतून, सर्व्हरच्या लॉगमधून, सपोर्टला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून. शिवाय पहिल्या आवृत्तीचा यूयूआयडी वेळ आणि मशीनच्या पत्त्यावरून बनतो, त्यामुळे शेजारचा क्रमांक काढणं फार अवघड नसतं. यूयूआयडी जरूर वापरा, प्रश्न २ मधला चेक मात्र तसाच ठेवा.

४. डॉक्टर, नर्स, रिसेप्शन असे रोल दिले आहेत. एवढं पुरे ना?

रोलमुळे माणूस कोणतं काम करू शकतो ते ठरतं, कोणाच्या बाबतीत ते ठरत नाही. सहाशे खाटांच्या हॉस्पिटलमध्ये "डॉक्टर" एवढ्यावर सगळे रेकॉर्ड उघडे ठेवले, तर त्वचारोग विभागातला डॉक्टर प्रसूती वॉर्डात दाखल असलेल्या ओळखीच्या बाईंची फाईल वाचू शकतो. म्हणून रोलच्या जोडीला उपचाराचं नातं तपासा: रुग्ण त्या डॉक्टरांच्या युनिटमध्ये दाखल आहे का, आज अपॉइंटमेंट आहे का, त्यांच्याकडे रेफर केलंय का. ही माहिती दाखल होणं, बदली आणि डिस्चार्ज यांच्या नोंदींत आधीच असते. ती परवानगीच्या कोडपर्यंत आणायची, एवढंच काम असतं.

दुसरी गोष्ट फील्डची. रिसेप्शनला नाव, वेळ आणि बाकी बिल लागतं. एपीआय रुग्णाचं अख्खं ऑब्जेक्ट पाठवतो आणि स्क्रीन त्यातलं नको ते लपवते, ही फार जुनी सवय आहे. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली की सगळं समोर येतं. प्रत्येक रोलसाठी उत्तराचा वेगळा साचा ठेवा आणि त्यात काय *जाईल* याची यादी करा. काय जाणार नाही याची यादी केलीत, तर उद्या कोणी नवं फील्ड घातलं की ते आपोआप बाहेर जातं. हेच लिहिण्याच्या बाजूला लावा: पत्ता बदलण्याच्या रिक्वेस्टमध्ये कोणी "रोल: ॲडमिन" घुसवलं, तर सर्व्हरने ते उचलता कामा नये.

काही नोंदींना वेगळी कडी लागते. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा, मानसिक आजारांबाबत २०१७ चाच मानसिक आरोग्य सेवा कायदा आणि गर्भपाताबाबत १९७१ च्या कायद्यातलं २०२१ चं कलम ५ए, हे तिन्ही गोपनीयतेवर स्पष्ट बोलतात. अशा नोंदींवर संवेदनशीलतेची खूण ठेवा आणि त्यांची परवानगी वेगळी करा. इथे रिपोर्ट झाकणं पुरत नाही. अपॉइंटमेंटच्या यादीत विभागाचं नाव "एआरटी सेंटर" (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र) दिसलं, तरी जे लपवायचं होतं ते सांगून झालेलं असतं.

५. रात्री दोन वाजता इमर्जन्सी आली आणि परवानगी नसल्यामुळे डॉक्टर अडले तर?

अडता कामा नयेत. त्यासाठी "आणीबाणी प्रवेश" असा वेगळा एंडपॉइंट ठेवा. डॉक्टर कारण निवडतात, सर्व्हर फक्त त्या एका रुग्णापुरतं, समजा ६० मिनिटांचं टोकन देतो, वेगळी ऑडिट नोंद करतो आणि वैद्यकीय अभिलेख विभागाच्या प्रमुखांना लगेच संदेश जातो. दुसऱ्या दिवशी त्या नोंदी कोणीतरी खरोखर वाचायच्या. वाचणारा नसेल, तर आणीबाणी प्रवेश हा नुसता मागचा दरवाजा होतो.

एकाच वॉर्डातून तो रोज वापरला जात असेल, तर कर्मचाऱ्यांवर संशय घेण्याआधी ड्युटी रोस्टर पाहा. रात्रपाळीची बदली सिस्टिममध्ये नोंदलेली नसते, म्हणून उपचाराचं नातं जुळत नाही, हे नेहमीचं कारण असतं. परवानगी देणारी सेवाच बंद पडली तर? नेहमीच्या रिक्वेस्ट अडवाव्यात. ॲलर्जी, रक्तगट आणि चालू औषधं एवढा सारांश मात्र इमर्जन्सी विभागात फक्त वाचण्यासाठी, एन्क्रिप्ट करून, स्थानिक प्रतीत ठेवलेला असावा.

६. जेडब्ल्यूटी (सही केलेलं टोकन) किती वेळ चालू ठेवायचं आणि त्यात काय तपासायचं?

ॲक्सेस टोकन (प्रत्येक रिक्वेस्टसोबत जाणारं) ५ ते १५ मिनिटं. रिफ्रेश टोकन (नवं ॲक्सेस टोकन मिळवून देणारं) दर वापराला बदलायचं, आणि जुनं पुन्हा वापरलं गेलं तर त्या माणसाची सगळी सेशन्स बंद करायची, कारण त्याचा अर्थ टोकन दोन जणांकडे आहे. सही कोणत्या पद्धतीची हे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पक्कं करा, टोकनच्या हेडरवर विश्वास ठेवू नका. नाहीतर हेडरमध्ये "नन" लिहिलेलं बिनसहीचं टोकन चालून जातं, किंवा तुमची जाहीर असलेली आरएसए सहीची पब्लिक की एचमॅकचं (एकाच गुप्त कीने होणाऱ्या सहीचं) गुपित म्हणून वापरून बनवलेलं टोकन खरं ठरतं. सहीबरोबर जारी करणारा, कोणासाठी जारी केलं आणि मुदत हे तिन्ही तपासा.

टोकनचा मधला भाग फक्त बेस६४ (अक्षरांत मांडलेला, एन्क्रिप्ट न केलेला) असतो, तो कोणालाही वाचता येतो. त्यात रुग्णाचं नाव, निदान, मोबाइल नंबर घालू नका. नोकरी सोडलेल्या माणसाचं टोकन तत्काळ मारायला प्रत्येक युजरपुढे सेशनचा आवृत्ती क्रमांक ठेवा आणि तो टोकनशी ताडा. मोबाइल ॲपमध्ये दडवलेली एपीआय की गुपित राहत नाही, कारण एपीके (अँड्रॉइड ॲपची फाईल) उलगडायला काही मिनिटं पुरतात. सर्व्हर ते सर्व्हर बोलणं असेल तिथे दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवणारं टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) वापरा.

७. रुग्णांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून ओटीपी ठेवलाय. तो सुरक्षित आहे का?

मर्यादा घातल्या असतील तर. हिशोब करून पाहा. सहा आकडी ओटीपीच्या दहा लाख शक्यता. सर्व्हर सेकंदाला शंभर प्रयत्न घेऊ देत असेल, तर पाच मिनिटांत तीस हजार प्रयत्न होतात, म्हणजे ३ टक्के. ओटीपी पुन्हा मागवून हे तीस वेळा केलं, की अडीच तासांत खातं उघडण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून एका ओटीपीला पाचच प्रयत्न द्या, एका नंबरला दहा मिनिटांत तीनच ओटीपी पाठवा, नवा निघाला की जुना रद्द करा आणि वापरला की लगेच पुसा. मोजणी आयपीवर नको, नंबरवर आणि त्या व्यवहारावर करा.

चाचणीच्या काळातल्या दोन गोष्टी प्रॉडक्शनमध्ये राहून जातात: उत्तराच्या जेसनमध्येच परत येणारा ओटीपी आणि नेहमी चालणारा १२३४५६. दोन्हींसाठी रिलीजआधी आपोआप चालणारी टेस्ट ठेवा. आणि "हा नंबर नोंदणीकृत नाही" असं वेगळं उत्तर देऊ नका. वंध्यत्व केंद्राच्या किंवा कर्करोग रुग्णालयाच्या ॲपमध्ये एखादा नंबर नोंदलेला आहे, एवढं कळणंसुद्धा गळतीच आहे.

८. एकाच मोबाइल नंबरवर घरातल्या सगळ्यांची नोंद असते. मग ओटीपीने कोणाचं रेकॉर्ड उघडायचं?

आपल्याकडचा हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याचं उत्तर मिळत नाही. गावाकडे सासू, सून आणि मुलं यांच्या नोंदी घरातल्या एकाच फोनवर होतात. तिथे नंबर हीच ओळख मानली, तर सुनेचा गर्भचाचणीचा रिपोर्ट फोन ज्याच्या हातात असेल तो वाचतो.

नंबर आणि रुग्ण यांचं नातं डेटाबेसमध्ये अनेकास अनेक ठेवा. नंबरच्या ओटीपीने फक्त प्रोफाइलची यादी दाखवा, आणि प्रौढ व्यक्तीच्या प्रोफाइलमध्ये शिरायला तिचा स्वतःचा पिन किंवा आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याची खात्री मागा. १८ वर्षांखालील मुलाचं प्रोफाइल पालकांना उघडू द्या, पण मूल १८ चं झालं की ते नातं आपोआप थांबेल अशी तारीख सुरुवातीलाच नोंदवून ठेवा. प्रश्न ४ मधल्या संवेदनशील नोंदी सामायिक नंबरवर पाठवूच नका. "रिपोर्ट तयार आहे" एवढाच एसएमएस जाऊ द्या, तपासणीचं नावही नको.

शिवाय बंद झालेला नंबर टेलिकॉम कंपन्या ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकतात. बराच काळ लॉगिन न झालेल्या खात्यावर नुसत्या ओटीपीने जुने रेकॉर्ड उघडू नका. जन्मतारीख आणि हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, किंवा काउंटरवरची खात्री, यांपैकी काहीतरी मागा.

९. नर्सिंग स्टेशनवर एकच कॉम्प्युटर आणि एकच लॉगिन आहे. बदलायला कोणी तयार नाही.

तिथल्या सिस्टर चुकत नाहीत. तीस खाटांच्या वॉर्डात दर वेळी मोठा पासवर्ड टाकायला वेळ कुणाकडे आहे? मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड त्यातूनच येतो. पण सामायिक लॉगिनमुळे ऑडिट लॉगमध्ये सगळीकडे "वॉर्ड ३" एवढंच राहतं आणि औषध कोणी नोंदवलं हेही सांगता येत नाही.

डिव्हाइसची आणि माणसाची ओळख वेगळी करा. पाळीच्या सुरुवातीला एकदा पूर्ण लॉगिन, नंतर ओळखपत्र टॅप करून किंवा चार-सहा आकडी पिनने दोन सेकंदांत माणूस बदलता आला पाहिजे. तो पिन फक्त त्या नोंदवलेल्या मशीनवरून आणि हॉस्पिटलच्या नेटवर्कमधूनच चालू द्या. बाहेरून लॉगिन करणाऱ्या कर्मचाऱ्यांना पासकी किंवा ऑथेंटिकेटर ॲप सक्तीचं करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत चेंज हेल्थकेअर या आरोग्य दाव्यांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर दुसऱ्या टप्प्याची खात्री नसलेल्या रिमोट पोर्टलमधून आत आले होते. मूळ कंपनीच्या प्रमुखांनी हे अमेरिकन संसदेपुढे सांगितलं आहे.

१०. एकाच डेटाबेसमध्ये अनेक हॉस्पिटलांचा डेटा आहे. तो मिसळणार नाही याची खात्री कशी?

प्रत्येक क्वेरीत "हॉस्पिटल आयडी" लिहायचं लक्षात ठेवू, यावर विसंबू नका. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसतील याचे डेटाबेसमधलेच नियम) लावा. ती लावूनही तीन ठिकाणी गळते. टेबलचा मालक असलेल्या युजरला नियम लागू होत नाहीत, म्हणून ॲपचा युजर वेगळा ठेवा आणि टेबलवर "फोर्स" लावा. सुपरयुजरला तर "फोर्स"ही अडवत नाही. दुसरी जागा व्ह्यू, म्हणजे साठवलेली क्वेरी: तो त्याच्या मालकाच्या हक्कांनी चालतो. पोस्टग्रेस १५ पासून "सिक्युरिटी इन्व्होकर" पर्याय आहे, तो वापरा. तिसरी जागा सगळ्यात फसवी: कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसची पुन्हा पुन्हा वापरली जाणारी कनेक्शनं. हॉस्पिटल आयडी नुसत्या "सेट"ने ठरवला, तर कनेक्शन पूलमध्ये परत जातं तेव्हा तो आयडी तसाच राहतो आणि पुढच्या रिक्वेस्टला आधीच्या हॉस्पिटलचा डेटा दिसतो. ट्रान्झॅक्शनच्या आत "सेट लोकल" वापरा. हा बग डेव्हलपरच्या मशीनवर दिसत नाही, गर्दी वाढली की दिसतो. कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) प्रत्येक कीमध्येही हॉस्पिटल आयडी हवाच.

११. डिस्क एन्क्रिप्ट केली आहे. कॉलम वेगळे एन्क्रिप्ट करायची गरज आहे का?

डिस्कचं एन्क्रिप्शन चोरीला गेलेल्या डिस्कपासून वाचवतं. डेटाबेस चालू असताना क्वेरी करणाऱ्याला सगळं उघडंच दिसतं. आधार, आभा क्रमांक, मोबाइल आणि संवेदनशील निदान हे कॉलम ॲपच्या थरात एईएस-२५६-जीसीएम या पद्धतीने एन्क्रिप्ट करा. प्रत्येक वेळी नवा ९६ बिटांचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) घ्या, कारण त्याच कीवर तोच नॉन्स पुन्हा आला की जीसीएमचं संरक्षण मोडतं. रुग्णाचा अंतर्गत क्रमांक जोड माहिती म्हणून बांधा, म्हणजे एकाचा एन्क्रिप्टेड मजकूर दुसऱ्याच्या ओळीत चिकटवला तर तो उलगडणार नाही. मूळ की डेटाबेसपासून दूर, की मॅनेजमेंट सेवेत ठेवा.

मोबाइलवरून शोधायचं असतं, म्हणून बरेच जण त्याचा साधा एसएचए-२५६ हॅश (नंबरवरून काढलेला ठसा) ठेवतात. भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. एका ग्राफिक्स कार्डला सगळे हॅश काढून पाहायला काही सेकंद पुरतात. त्याऐवजी वेगळ्या गुप्त कीने एचमॅक काढून तो इंडेक्स करा. त्यावर तंतोतंत शोधता येतं, अर्धवट नंबरने नाही, आणि काउंटरसाठी तेवढं पुरतं.

१२. लॉगमध्ये काय लिहायचं आणि किती दिवस ठेवायचं?

दोन वेगळे लॉग समजा. तांत्रिक लॉगमध्ये रुग्णाची माहिती नको. मोबाइल नंबर यूआरएलमध्ये आला, तर टीएलएस असूनही तो प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये साध्या अक्षरांत उमटतो. म्हणून शोध "पोस्ट" प्रकारच्या रिक्वेस्टने, बॉडीतून करा. क्रॅश कळवणाऱ्या बाहेरच्या सेवेकडे रिक्वेस्टची अख्खी बॉडी जाते आहे का, हे आजच पाहा.

ऑडिट लॉग वेगळा: कोणी, कोणत्या रुग्णाचं, काय, कधी, कुठून, कोणत्या कारणासाठी पाहिलं, आणि नाकारलेल्या रिक्वेस्टही. त्यात फक्त भर घालता यावी, ॲपच्या युजरला तो पुसता येऊ नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवावी लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांतली मुख्य कर्तव्यं अठरा महिन्यांनी लागू होतात आणि तेव्हा लॉगसाठी किमान एक वर्ष लागेल. आत्ताच एक वर्ष धरून जागा ठेवा.

१३. रिपोर्टची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवणं चूक आहे का?

लिंक पाठवा, पण लिंक उघडताच रिपोर्ट दिसू देऊ नका. लिंक पुढे पाठवली जातेच, फॅमिली ग्रुपवरही जाते. लिंकवर आधी जन्मवर्ष किंवा पिन विचारा, पाच चुकांनंतर ती बंद करा आणि ७२ तासांनी ती मरू द्या. खात्री पटल्यावर स्टोरेजची सही केलेली लिंक पाच मिनिटांची द्या. ॲमेझॉनच्या एस३ स्टोरेजमध्ये अशी लिंक सात दिवसांपर्यंत चालवता येते, पण चालवता येते म्हणून चालवायची नाही. उत्तरात "नो-स्टोअर" हेडर हवा, नाहीतर मधली सीडीएन (फाईलच्या प्रती साठवून देणारे सर्व्हर) एकाचा रिपोर्ट साठवून दुसऱ्याला देईल.

१४. रेट लिमिट लावली की हॉस्पिटलच बंद पडतं. काय करावं?

अख्खं हॉस्पिटल एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडतं, म्हणून आयपीवरची मर्यादा सकाळच्या ओपीडीला सगळ्यांना अडवते. मर्यादा युजर आणि डिव्हाइसवर लावा. रिक्वेस्टपेक्षा *वेगवेगळे किती रुग्ण उघडले* हे मोजलं तर जास्त कळतं. ओपीडीतला डॉक्टर तासाला वीस-तीस रुग्ण उघडेल. तीनशे उघडले, तर तिथे माणूस नसून स्क्रिप्ट असण्याची शक्यता मोठी. तुमच्या हॉस्पिटलची नेहमीची संख्या आधी महिनाभर मोजा, मग आकडा ठरवा.

१५. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी (आरोग्य रेकॉर्डच्या देवाणघेवाणीच्या सरकारी जाळ्याशी) जोडलं की सुरक्षेचं काम तिकडून होतं ना?

वाटेतलं काही होतं, तुमच्या दारातलं नाही. रेकॉर्ड पाठवताना कर्व्ह २५५१९ या गणिती पद्धतीवर दर देवाणघेवाणीला नवी की बनते आणि मजकूर एन्क्रिप्ट होऊन जातो. पण संमतीपत्र तपासायचं काम तुमचं: सही खरी आहे का, मुदत संपली का, कोणत्या प्रकारचे रेकॉर्ड, कोणत्या तारखांच्या मधले. संमती जानेवारी ते मार्चची असेल आणि तुमच्या क्वेरीने अख्खी फाईल उचलली, तर ती गळती एन्क्रिप्ट होऊन पोचते, इतकाच फरक. संमती मागे घेतल्याची सूचना आली की रांगेत थांबलेली पाठवणीही थांबली पाहिजे. रेकॉर्ड घेणाऱ्या बाजूने संमतीत लिहिलेल्या तारखेला ते पुसायचे असतात. ते काम शेड्युलरवर लावा, माणसाच्या आठवणीवर नको.

फायर आर४ या आरोग्य माहितीच्या मानकाचे साचे पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र प्रसिद्ध करतं. साचा बरोबर असला म्हणून शोध सुरक्षित होत नाही. फायर सर्व्हरवर "इन्क्लूड" आणि "रेव्हइन्क्लूड" लावून जोडलेले रेकॉर्ड ओढता येतात, म्हणून परवानगी मूळ शोधावर लावून थांबू नका, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रिसोर्सवर लावा. एकूण संख्येकडेही पाहा: नोंद लपवली पण "एकूण १" असं परत आलं, तर एचआयव्हीच्या कोडने शोधणाऱ्याला हवं ते कळलं.

१६. लॅबची मशीनं आणि एक्स-रेचा सर्व्हर जुने आहेत, त्यांना टोकन वगैरे कळत नाही.

एचएल७ या वैद्यकीय संदेशांच्या मानकाची दुसरी आवृत्ती ज्या एमएलएलपी या पाठवणीच्या पद्धतीवर धावते, त्यात ना एन्क्रिप्शन ना ओळख. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकातलं एई टायटल हे सोळा अक्षरांपर्यंतचं नाव आहे, पासवर्ड नाही. या मशीनना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, इंटरनेटशी थेट संबंध तोडा आणि बाहेर बोलायला मध्ये एकच इंटरफेस सर्व्हर ठेवा, ज्याच्यापासून पुढे टीएलएस सुरू होतं. तो सर्व्हर अद्ययावत ठेवणं फार महत्त्वाचं: मर्थ कनेक्ट या इंटरफेस सॉफ्टवेअरच्या ४.४.१ आधीच्या आवृत्त्यांत लॉगिनशिवाय बाहेरून कोड चालवता येण्याची त्रुटी होती. मशीनकडून आलेला मजकूरही परका समजा आणि तपासूनच डेटाबेसमध्ये घ्या.

१७. टेस्टिंगला प्रॉडक्शनची प्रत घेतली आणि नावं बदलली. चालेल?

नाही. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग राहिलं, तर लहान गावात तो माणूस ओळखता येतो. डॉक्टरांच्या मोकळ्या मजकुरातल्या नोंदींत नाव असतंच, डायकॉम फाईलच्या हेडरमध्ये असतं आणि सोनोग्राफीच्या चित्रावर छापलेलंही असतं. चाचणीला बनावट रुग्ण तयार करा. पुण्या-मुंबईतून अमेरिकन ग्राहकांचं काम करणाऱ्यांनी हिपा या अमेरिकन आरोग्य गोपनीयता कायद्याच्या सेफ हार्बर पद्धतीतल्या १८ ओळखखुणांची यादी समोर ठेवावी. त्यात ८९ वर्षांवरचं वयही येतं.

१८. गळती झाल्याचं कळलं. पहिल्या काही तासांत काय?

सर्व्हर पुसू नका आणि घाईने नवा उभा करू नका; पुरावा जातो. गळती झालेल्या राऊटचा प्रवेश बंद करा, टोकन आणि की बदला, डिस्कची आणि लॉगची प्रत घ्या. सर्ट-इनला कळवायला घटना लक्षात आल्यापासून ६ तास आहेत. प्रश्न १२ मधल्या नव्या नियमांनुसार बाधित रुग्णांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर कळवावं लागेल. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत. सहा तासांत सगळं समजत नाही, जेवढं कळलं तेवढं कळवायचं. कोणाकोणाचे रेकॉर्ड गेले हे सांगता येणं मात्र प्रश्न १२ मधल्या ऑडिट लॉगवर अवलंबून आहे. तो नसेल, तर प्रत्येक रुग्णाला "कदाचित तुमचंही" असं कळवावं लागतं.

१९. रुग्णाने संमती मागे घेतली आणि "माझं सगळं डिलीट करा" म्हणाला. करायचं?

सगळं नाही. दाखल रुग्णांचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवण्याचं बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे, आणि पोलीस केस असेल तर मुदत आणखी लांबते. म्हणून डिलीटचा एंडपॉइंट दोन टप्प्यांत लिहा. मार्केटिंग, ॲपचं प्रोफाइल, डिव्हाइसची टोकन आणि बाहेरच्या सेवांना दिलेल्या प्रती लगेच काढा. उपचारांचे रेकॉर्ड "प्रतिबंधित" करा: रोजच्या शोधात ते दिसू नयेत आणि प्रश्न ५ च्या मार्गाने किंवा कायदेशीर मागणीवरच उघडावेत. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी एन्क्रिप्शन की असेल, तर मुदत संपल्यावर ती की नष्ट करून बॅकअपमधला डेटाही निरुपयोगी करता येतो. एरवी बॅकअपमधून एक माणूस वेचून काढणं जवळजवळ अशक्य असतं. काय पुसलं, काय ठेवलं, कोणत्या कारणाने आणि कधीपर्यंत, हे रुग्णाला लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत पाठवा.